‘मिस्टरांना पाठवा!’ – जुनी गाडी, दुकानदार आणि आपण

सल्ला केंद्रात मोटारगाडी येते ती बहुतेक वेळा हुंड्याच्या यादीतून. कुणाच्या बापाने लग्नात दिलेली, कुणाला द्यायला जमली नाही म्हणून माहेरी धाडलेली. १९६१ साली हुंडाबंदीचा कायदा झाला, तरी त्या यादीतली गाडी काही हलली नाही. फक्त स्कूटरची मोटारसायकल झाली आणि मोटारसायकलची चारचाकी. त्यामुळे आपल्या चळवळीत गाडी म्हटलं की एकच चित्र डोळ्यांसमोर येतं. गाडी त्याची, पैसा तिच्या बापाचा.

गेल्या काही वर्षांत गाडी दुसऱ्या दारानेही केंद्रात येऊ लागली आहे. बाई स्वतःच्या कमाईतून, बचत गटाचं कर्ज काढून किंवा पाटल्या मोडून जुनी चारचाकी घेते. आठवड्या-पंधरवड्यात ती बिघडते. दुकानदार दाद देत नाही. मग घरातले सगळे म्हणतात, ‘सांगितलं होतं ना, हे बायकांचं काम नाही.’ ती येते तेव्हा तक्रार गाडीची असते, पण डोळ्यांत पाणी असतं ते या वाक्याचं.

अशा तक्रारी आपण घ्याव्यात की नाही यावर मागच्या बैठकीत वाद झाला. एका जुन्या कार्यकर्तीचं म्हणणं असं की मारहाण, जाळपोळ, पोटगी यांतून मान वर काढायला फुरसत नाही. त्यात गाडीच्या इंजिनाचे प्रश्न कुठे घेऊन बसायचे? गाडी घेणारी बाई आपल्या आधाराशिवायही निभावून नेईल. हे म्हणणं मला पटत नाही, आणि का पटत नाही ते लिहिण्यासाठीच हा लेख आहे.

१९७२ साली मुंबईत महागाईविरोधी महिला समिती उभी राहिली. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आणि त्यांच्याबरोबर हजारो बायका लाटणी आणि थाळ्या घेऊन रस्त्यावर आल्या. तेल, साखर, रॉकेल, धान्य. पुढे १९७५ साली मुंबई ग्राहक पंचायत सुरू झाली, तिचं एकत्र खरेदीचं आणि वाटपाचं काम गल्लोगल्लीच्या बायकांनीच पेललं. म्हणजे या राज्यात ‘ग्राहक’ या शब्दाला दम आणला तो बायकांनी. मग रॉकेलच्या मापातली लबाडी ही आपली आणि गाडीच्या किलोमीटरमधली लबाडी पुरुषांची, असं वाटून कुणी दिलं? स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आतलं ते बाईचं आणि बाहेरचं त्याचं, हीच ती जुनी रेघ. ती आपणच पुन्हा आखायची का?

शिवाय नाशिकचं बघा. सातपूर आणि अंबडच्या कारखान्यांत पाळ्या आहेत, इस्पितळांत रात्रपाळ्या आहेत, सिन्नर-दिंडोरीकडे नोकरीला जाणाऱ्या शिक्षिका आणि नर्सबाया आहेत. शहरात २०२१ पासून सिटीलिंकच्या बसेस धावतात हे चांगलंच आहे. पण रात्री अकराला पाळी सुटल्यावर घरी कसं जायचं, हा ज्या बाईपुढचा रोजचा प्रश्न आहे तिच्यासाठी दीड-दोन लाखांची जुनी गाडी ही चैन नव्हे. नवी गाडी परवडत नाही म्हणून तर ती जुनी घेते, आणि जुनी घेणाऱ्यालाच फसवणूक सगळ्यात महाग पडते. श्रीमंताची गाडी बंद पडली तर तो दुसरी काढतो.

आता एक उदाहरण सांगते. बाईचं नाव देत नाही, दुकानाचंही नाही. बाई विधवा आहे, अंबडच्या कामगारांना डबे पोचवते. रिक्षाभाड्यात नफा जातो म्हणून तिने एक आठ वर्षांची सी.एन.जी.वर चालणारी व्हॅन घेतली. गाडी दाखवताना दुकानातल्या माणसाने व्हॉट्सॲपवर फोटो पाठवले होते आणि खाली लिहिलं होतं, ‘इंजिन टॉप, एक रुपयाचं काम नाही.’ अकराव्या दिवशी पाथर्डी फाट्याजवळ गाडी उकळली. मेकॅनिकने उघडून पाहिलं तर हेड गॅस्केट गेलेलं. इंजिन पूर्वी एकदा खोललेलं होतं आणि गळती दबावी म्हणून पाण्यात कसलं तरी रसायन ओतलेलं होतं. त्यातून दुसरीच गोष्ट बाहेर आली. सी.एन.जी.चा किट आर.सी.वर चढवलेलाच नव्हता. म्हणजे उद्या अपघात झाला असता तर विमा कंपनीने तेवढंच निमित्त धरलं असतं.

ती दुकानात गेली. तिथला संवाद तिने मला जसाच्या तसा सांगितला.

‘ताई, तुम्हाला गाडीतलं काय कळणार? मिस्टरांना पाठवा, त्यांच्याशी बोलतो.’

‘मिस्टर नाहीत. पैसे मी दिलेत.’

‘मग भावाला पाठवा.’

पैसे घेताना भाऊ लागला नव्हता! पैसे मोजताना बाई पूर्ण नागरिक असते आणि पैसे परत मागताना अर्धी. ही केवळ उद्धट बोलण्याची बाब नाही, त्यामागे रोख हिशेब आहे. १९९१ साली इयान एअर्स या अमेरिकी कायदेतज्ज्ञाने शिकागोमध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. सारखे कपडे, सारखं शिक्षण आणि सारखीच घासाघीस करण्याची पद्धत शिकवलेली माणसं त्याने नव्या गाड्यांच्या दुकानांत पाठवली. गोऱ्या पुरुषाला दुकानदाराने ज्या नफ्यावर गाडी देऊ केली, त्याहून सुमारे चाळीस टक्के जास्त नफा गोऱ्या बाईकडून मागितला. काळ्या बाईकडून तर तिपटीहून जास्त. जात आणि बाईपण एकत्र आलं की भाव कसा चढतो हे आपल्याला निराळं सांगायला नको. तिकडच्याच दुसऱ्या एका अभ्यासात, जो पुढे २०१७ साली छापून आला, गॅरेजांना फोन करून दुरुस्तीचा दर विचारला. दर माहीत नाही असं दाखवलं की बाईला जास्त आकडा सांगितला जाई. पण बाजारात चालू असलेला दर तिने नुसता उच्चारला की हा फरक नाहीसा होई. आणि कमी करा म्हटल्यावर बाईला सूट मिळण्याचं प्रमाण पुरुषांपेक्षा जास्त निघालं. ही शेवटची गोष्ट मला फार आवडली. मागितलं तर मिळतं, पण ‘मागू नये, बरं दिसत नाही’ हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं असतं.

जुन्या गाड्यांच्या बाजाराविषयी जॉर्ज अकेरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली एक छोटा निबंध लिहिला आणि २००१ साली त्याला नोबेल मिळालं. त्याचं म्हणणं साधं आहे. गाडी कशी आहे हे विकणाऱ्याला माहीत असतं, घेणाऱ्याला नसतं. त्यामुळे घेणारा सरासरी भावच देतो, त्या भावात चांगली गाडी विकायला चांगल्या माणसाला परवडत नाही, आणि बाजारात खराब गाड्या उरत जातात. बाईच्या बाबतीत या न माहीत असण्यावर आणखी एक थर चढतो. तिला माहीत असेल तरी तिला माहीत नाही असंच धरून चालतात.

तर मग करायचं काय? आधी दुकानदाराची नेहमीची तीन उत्तरं बघू, कारण सगळीकडे तीच मिळतात.

पहिलं उत्तर, ‘गाडी माझी नाही, मी फक्त मधला माणूस. मूळ मालकाला विचारा.’ हे उत्तर पूर्वी चालून जायचं, कारण मूळ मालक कोऱ्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून गाडी सोडून जाई. मग ती दोन-तीन हात फिरे आणि कागदावर नाव राहे पहिल्याचंच. यात पहिला मालकही मरतो बरं का. २०१८ साली नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्टच सांगितलं की गाडी कितीही हात बदलो, ज्याचं नाव नोंदणीत आहे तोच अपघाताच्या भरपाईला जबाबदार. म्हणून जुनी गाडी विकणाऱ्या मैत्रिणीनेही कोऱ्या फॉर्मवर सही करू नये. हा गोंधळ थांबावा म्हणून केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत बदल केले, ते १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. जुन्या गाड्यांचा धंदा करणाऱ्याला आता परिवहन खात्याकडून अधिकारपत्र घ्यावं लागतं. गाडी त्याच्या ताब्यात आली की तशी सूचना फॉर्म २९ सी भरून द्यावी लागते, आणि तेव्हापासून तोच मालक मानला जातो. तेव्हा दुकानात पाय ठेवला की पहिला प्रश्न हाच विचारा, ‘तुमचं अधिकारपत्र कुठे आहे?’ नसेल तर तेही एक उत्तरच आहे. आणि समजा तो खरोखर दलालच असला, तरी दलाली घेऊन त्याने सेवा दिली आहे. त्या सेवेतली त्रुटी ग्राहक कायद्यात येते.

दुसरं उत्तर, ‘जशी आहे तशी घेतली, सही आहे तुमची.’ या सहीला बायका फार घाबरतात. घाबरायचं तेवढं कारण नाही, पण अगदीच बिनमहत्त्वाचीही ती नाही. १९३० च्या मालविक्री कायद्यानुसार, त्याच मालाचा धंदा करणाऱ्याकडून वस्तू घेतली तर ती विकण्याजोग्या दर्जाची असली पाहिजे हे गृहीत असतं. पण तुम्ही गाडी तपासली असेल, तर त्या तपासणीत जे दिसायलाच हवं होतं त्याबद्दल नंतर बोलता येत नाही. दारावरचा पोचा, गुळगुळीत टायर, फाटकी सीट या दिसणाऱ्या गोष्टी. त्यांच्यासाठी भांडू नका, आपलीच बाजू हलकी होते. दडवलेला दोष वेगळा. किलोमीटरचा काटा मागे फिरवणं, पुरात बुडालेली गाडी धुऊन-पुसून उभी करणं, गळती रसायनाने दाबणं, धोक्याच्या दिव्याचा बल्बच काढून ठेवणं. ‘जशी आहे तशी’ या तीन शब्दांखाली लबाडी झाकली जात नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात जुना, दुरुस्त केलेला माल नवा म्हणून खपवणं, मालाच्या दर्जाबद्दल खोटं सांगणं, पुरेशी चाचणी न करता हमी देणं, बिल न देणं, या साऱ्याला अनुचित व्यापारी प्रथा म्हटलं आहे. डबेवाल्या बाईच्या फोनमधलं ‘इंजिन टॉप’ हे वाक्य म्हणूनच त्या सहीपेक्षा वजनदार ठरलं.

(पुराचं आलं म्हणून सांगते. २००५ चा मुंबईचा जलप्रलय, २०१९ सालचा गोदावरीचा आणि सांगली-कोल्हापूरचा पूर, अशा प्रत्येक पुरानंतर बुडालेल्या गाड्या दुसऱ्या गावी विकायला जातात. गालिचा उचलून खाली हात घाला, सीटचे बोल्ट गंजलेत का बघा, पट्टा पूर्ण बाहेर ओढून त्यावर चिखलाची रेघ आहे का बघा. याला मेकॅनिक लागत नाही. पूर ओसरल्यावर घर धुतलेल्या कुठल्याही बाईला तो वास ओळखू येतो.)

तिसरं उत्तर, ‘बिल हवं असेल तर अठरा टक्के टॅक्स वर द्या.’ ही शुद्ध धमकी आहे. जुन्या गाडीवर जी.एस.टी. लागतो तो दुकानदाराच्या नफ्यावर, म्हणजे घेतलेल्या आणि विकलेल्या किमतीतल्या फरकावर, अख्ख्या किमतीवर नव्हे. २०२५ पासून तो अठरा टक्के झाला, पण नफ्यावरच. दोन लाखांच्या गाडीत त्याचा नफा वीस हजार असेल तर कर होतो तीन हजार सहाशे, छत्तीस हजार नव्हे. हा हिशेब त्याच्यासमोर कागदावर करून दाखवावा. नसेल जमत तर निदान किंमत, तारीख, गाडीचा नंबर आणि काट्यावरचे किलोमीटर लिहिलेली सही-शिक्क्याची पावती घ्यावी, आणि पैसे शक्यतो स्वतःच्या खात्यातून चेकने किंवा बँकेमार्फत द्यावेत. रोख दिलेला पैसा भांडणात मुका असतो.

आता बिघाड झाल्यावर. सगळ्यात आधी गाडी चालवणं थांबवा. उकळलेली गाडी तशीच रेटली तर पुढचं नुकसान तुमच्या माथी मारतात, आणि त्यात त्यांचं फारसं चुकतही नाही. ती गाडी दाखवायची अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये, ओळखीच्या गॅरेजात नव्हे. दोष काय आणि तो किती जुना असावा हे जॉबकार्डावर लिहून घ्यायचं. शे-पाचशे रुपये जातात, पण तो कागद परक्या माणसाचा असतो. बदललेला सुटा भाग तिथे टाकून येऊ नका, पिशवीत घालून घरी आणा. आयोगाला वाटलं तर तो प्रयोगशाळेत तपासणीला पाठवता येतो. जाहिरात, फोटो, मेसेज सगळं जपून ठेवा. फोन बिघडतात, म्हणून छापून फाइलला लावा. आणि दुकानदाराला सांगितल्याशिवाय मोठी दुरुस्ती करून मोकळ्या होऊ नका. त्याला आधी संधी दिली हे दिसलं पाहिजे.

मग पत्र. फोन नव्हे, पत्र! एक पान पुरतं. कधी घेतली, किती दिले, काय सांगितलं होतं, काय निघालं, आणि काय हवं. हे शेवटचं बायका लिहीत नाहीत. ‘योग्य तो न्याय द्यावा’ लिहितात. न्याय म्हणजे किती रुपये? दुरुस्तीचा पूर्ण खर्च हवा, की किमतीत कपात, की गाडी परत आणि पैसे परत, यांपैकी एक निवडून आकडा लिहा आणि पंधरा दिवसांची मुदत द्या. पूर्वी आपण रजिस्टर ए.डी. करायचो. २०२५ साली टपाल खात्याने रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात मिळवून टाकलं, तेव्हा आता पोचपावतीसह स्पीड पोस्ट करावं आणि तीच पावती जपावी. जोडीला १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. ती फुकट आहे, मराठीत बोलता येतं, आणि पुष्कळ दुकानदार तिथून विचारणा आली की नरमतात.

आपल्यातल्या काहीजणी म्हणतात, पत्रं कसली लिहिता, वीसजणी जाऊन दुकानात बसू, तासाभरात पैसे काढेल. काढेलही. लाटण्यांच्या मोर्च्याचा वारसा सांगणाऱ्या मला मोर्च्याचं वावडं नाही. पण महागाईचा मोर्चा धोरणाविरुद्ध होता, हा एका व्यवहाराचा तंटा आहे. वीसजणी गेल्यावर मिळालेले पैसे वीसजणींना घाबरून मिळालेले असतात. उद्या जेल रोडची एकटी बाई त्याच दुकानात गेली तर तिच्या हातात त्यातलं काही येत नाही. पत्र, त्याचं उत्तर, आयोगाचा आदेश यांतलं काहीतरी तिच्या हातात येतं. आणखी एक असं की गर्दी करून गेल्यावर दुकानदार पोलिसांत धाव घेतो आणि मूळ तक्रार बाजूलाच राहते. दोघी जाव्यात, तिसरी नको. एकीने बोलायचं, दुसरीने लिहायचं. ‘मिस्टरांना पाठवा’ म्हटलं की तेही तारीख-वेळेसकट लिहून घ्यायचं.

दुकानदार पत्राला जुमानला नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. नाशिकला तो आहे. १९८६ च्या जुन्या कायद्यातला ‘मंच’ हा शब्द अजून आपल्या तोंडी आहे, पण २० जुलै २०२० पासून नवा कायदा आला आणि मंचाचा आयोग झाला. गाडी मुंबईत किंवा पुण्यात घेतली असली तरी आता तक्रार आपण राहतो तिथे करता येते. पूर्वी विकणाऱ्याच्या गावी खेपा घालाव्या लागत, बायकांसाठी हा फार मोठा बदल आहे. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, त्यापुढे दहा लाखांपर्यंत दोनशे रुपये. दोन वर्षांच्या आत तक्रार करायची. वकील सक्तीचा नाही, स्वतः बोलता येतं. आणि वकील हवाच असेल तर १९८७ च्या विधी सेवा कायद्याने कुठल्याही बाईला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. सीबीएसजवळच्या जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करायचा. हा हक्क आपण पोटगीसाठी वापरतो, ग्राहक म्हणून कुणी वापरल्याचं मी अजून पाहिलेलं नाही.

‘गाडी धंद्यासाठी घेतली, म्हणून तुम्ही ग्राहक नाही’ असा एक पेच तिथे टाकतात. डबेवाल्या बाईवरही टाकला असता. कायद्यात व्यापारी कामासाठी घेतलेला माल वगळला आहे हे खरं, पण स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेला माल त्यातून पुन्हा आत घेतला आहे. १९९५ साली लक्ष्मी इंजिनिअरिंगच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने रिक्षा, मोटार, लेथ मशीन यांचीच उदाहरणं दिली होती. स्वतः चालवून पोट भरणारा माणूस ग्राहक, मग मदतीला एक-दोन माणसं असली तरी हरकत नाही. पूर्णपणे दुसऱ्याच्या हाती सोपवून धंदा करणारा मात्र ग्राहक नाही. तेव्हा अर्जात ‘व्यवसायासाठी घेतली’ असं मोघम लिहू नका. ‘मी स्वतः चालवते, यावर माझं घर चालतं’ असं लिहा.

आयोगाकडे गेलं की सगळं सुरळीत होतं असं मात्र मी सांगणार नाही. कायदा म्हणतो तीन महिन्यांत निकाल, मालाची तपासणी लागली तर पाच महिन्यांत. तारखा मात्र वर्षावर जातात. जागा रिकाम्या राहतात, इतक्या की २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाला स्वतःहून त्यात लक्ष घालावं लागलं. आणि आपल्या दृष्टीने एक फार महत्त्वाची गोष्ट गुपचूप घडून गेली. १९८६ च्या कायद्यात लिहिलं होतं की जिल्हा मंचाच्या दोन सदस्यांपैकी एक स्त्री असलीच पाहिजे. २०१९ च्या कायद्यात जिल्हा आयोगाच्या रचनेच्या कलमातून ते वाक्य गेलं. त्यावर ना मोर्चा निघाला, ना आपल्या अंकात चार ओळी आल्या. ‘ताई, तुम्हाला काय कळणार’ हे ज्या बाईने ऐकलेलं आहे तिची तक्रार ऐकायला समोर निदान एक बाई असावी, ही मागणी आपण केली नाही तर कोण करणार? ग्राहक पंचायतीच्या मंडळींनी ती आपल्यासाठी करावी अशी वाट बघत बसायचं का?

आता नावाचं. १९८६ साली आपल्याच जिल्ह्यात, चांदवडला, शेतकरी संघटनेच्या बायकांचं मोठं अधिवेशन झालं आणि त्यानंतरच्या लक्ष्मीमुक्तीच्या मोहिमेत सातबारावर बायकोचं नाव लावायची गोष्ट गावोगाव गेली. जमिनीचं जे तेच गाडीचं. पैसे तिचे, आर.सी. त्याच्या नावावर, ‘नवऱ्याच्या नावावर असली की बरं पडतं’ म्हणून. कशाला बरं पडतं, ते कुणी सांगत नाही. बिघाडाची तक्रार करायची झाली तर घेणाऱ्याच्या संमतीने वापरणाराही ग्राहक असतो, म्हणून बाई तक्रार करू शकते. पण संसार मोडल्यावर ही संमती कुठून आणायची? गाडी पाटल्या मोडून घेतली असेल तर तो स्त्रीधनाचा पैसा. १९८५ च्या प्रतिभा राणी निकालापासून स्त्रीधनावर फक्त बाईचाच मालकी हक्क मानला जातो, आणि २००५ च्या कौटुंबिक हिंसाविरोधी कायद्यात ते परत मागता येतं. पण पाटल्या कुठे मोडल्या, किती आले, ते पैसे गाडीत कसे गेले, हे दाखवायला सोनाराची पावती लागते. ती कुणाकडे असते? केंद्रात विचारून बघा.

नाव लावून घेताना मुदती पाळाव्यात. विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात चौदा दिवसांत कळवायचं, घेणाऱ्याने तीस दिवसांत अर्ज करायचा, आणि विमा आपल्या नावावर करून घ्यायला चौदा दिवस. कर्ज फिटलेलं असेल तर बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५ घेऊन आर.सी.वरचा बोजा उतरवायचा. पेठ रोडच्या आर.टी.ओ.त एजंटाशिवाय जा, एकदा जमलं की पुढच्या बाईला नेता येतं.

डबेवालीचं पुढे काय झालं ते सांगते. पत्र गेलं, १९१५ वर तक्रार गेली. सोळाव्या दिवशी दुकानदाराने गॅस्केटचा आणि मजुरीचा खर्च दिला आणि किट आर.सी.वर चढवून दिला. बारा दिवसांचे डबे बुडाले त्याचे पैसे त्याने दिले नाहीत. त्यासाठी आयोगात जायचं का, यावर तिचं अजून ठरलेलं नाही. कारण गिऱ्हाइकं टिकवायला तिला पहाटे चारला उठावं लागतं आणि तारखेच्या दिवशी डबे कोण पोचवणार हा प्रश्न आहे. तिला आम्ही ‘लढ’ असं सांगितलेलं नाही. तारखेला तिच्याबरोबर कोण जाईल आणि त्या दिवशी गाडी कोण चालवेल, एवढीच दोन नावं आम्ही शोधतो आहोत.

केंद्रात एक नवी वही घातली आहे. कुठलं दुकान, पत्र कधी गेलं, उत्तर काय आलं, किती दिवसांत, एवढंच तिच्यात लिहायचं. शिव्या नकोत. गाडी घेण्यापूर्वी कुणालाही ती चाळता येईल. केंद्र शनिवारी दुपारी उघडं असतं, वही टेबलाच्या खणात आहे.